झोटेरो आणि मराठी तळटीप: संशोधकांसाठी एक परीक्षण

मराठीत प्रबंध किंवा संशोधनपर लेख लिहिणाऱ्याने झोटेरो हे संदर्भांच्या नोंदी ठेवून त्यांवरून तळटीपा व संदर्भसूची तयार करून देणारे संगणकीय साधन वापरावे का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘अवश्य वापरावे’ असे आहे. मात्र संगणकावर उतरवून घेतल्यावर ते जसे मिळते तसेच वापरले, तर मराठी तळटीपांची जी अवस्था होते ती पाहून पुष्कळ विद्यार्थी थोड्याच दिवसांत त्याचा नाद सोडतात आणि पुन्हा हाताने टीपा टंकित करण्याकडे वळतात. हे परीक्षण प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे. मी इतिहास या विषयात मराठीतून आणि प्रसंगी इंग्रजीतूनही लिहितो आणि विद्यार्थ्यांचे प्रबंध वाचतो, त्यामुळे पुढील विवेचन इतिहासाच्या व वाङ्मयेतिहासाच्या लेखनाला अधिक लागू पडेल. मजकुरातच कंसात लेखकाचे नाव आणि वर्ष देण्याची सामाजिक शास्त्रांतील पद्धत वापरणाऱ्यांना यांतल्या बऱ्याच अडचणी जाणवणार नाहीत.

झोटेरोची निर्मिती २००६ साली अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास व नवमाध्यम केंद्रात झाली. इतिहासाच्या अभ्यासकांनी आपल्या कामाच्या गरजेतून ते घडवले, आणि त्यामुळे पत्र, हस्तलिखित, वृत्तपत्रातील मजकूर, दप्तरखान्यातील कागद अशा साधनांसाठी त्यात पहिल्यापासून वेगळ्या नोंदींची सोय आहे. सुरुवातीला ते फायरफॉक्स ब्राउझरला जोडण्याचे उपांग होते. आता विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालणारा तो स्वतंत्र प्रोग्रॅम आहे. तो विनामूल्य आहे, त्याचा स्रोतसंकेत (सोर्स कोड) खुला आहे, आणि त्यात साठवलेली माहिती आपण केव्हाही बाहेर काढून दुसरीकडे नेऊ शकतो. या शेवटच्या गोष्टीला मी फार महत्त्व देतो. एन्डनोट हे जुने विकत मिळणारे साधन ज्या थॉमसन रॉयटर्स कंपनीकडे होते, तिने २००८ साली झोटेरोवरून जॉर्ज मेसन विद्यापीठाविरुद्ध दावा दाखल केला होता. एन्डनोटच्या शैलींच्या, म्हणजे टीपांची मांडणी ठरवणाऱ्या, फाइली झोटेरोला वाचता येऊ नयेत, असा त्यामागचा आग्रह होता. २००९ मध्ये तो दावा निकालात निघाला आणि झोटेरोचे काम चालू राहिले. संशोधकाने वर्षानुवर्षे जमवलेली संदर्भांची पुंजी कोणा एका कंपनीच्या कुलपात राहू नये, असे ज्यांना वाटते त्यांनी हा इतिहास ध्यानात ठेवावा.

वापरण्याची रीत समजायला सोपी आहे. प्रत्येक ग्रंथाची, लेखाची वा कागदाची एक नोंद झोटेरोच्या संग्रहात करायची. वर्डमध्ये झोटेरोची स्वतंत्र पट्टी दिसू लागते. वाक्याच्या शेवटी कर्सर ठेवून ‘ॲड/एडिट सायटेशन’ हे बटण दाबले की एक चौकट उघडते. तीत ‘राजवाडे’ एवढी अक्षरे लिहिली की त्या नावाच्या सर्व नोंदी खाली येतात. हवी ती निवडून पृष्ठांक लिहायचा आणि एंटर दाबायचे. पानाच्या तळाशी क्रमांकासह टीप तयार होते. त्या ग्रंथाचा उल्लेख प्रथमच येत असेल तर संपूर्ण तपशील येतो, पूर्वी येऊन गेला असेल तर आडनाव आणि संक्षिप्त शीर्षक येते, आणि आपण तशी शैली निवडली असेल तर लागोपाठच्या उल्लेखासाठी ‘तत्रैव’ (म्हणजे त्याच ग्रंथात) येते. टीपेत आधी ‘पाहा’ किंवा ‘याच्याविरुद्ध मतासाठी’ असे शब्द घालायचे असतील, किंवा शेवटी दोन ओळींचे भाष्य जोडायचे असेल, तर त्यासाठी पूर्वपद (प्रिफिक्स) आणि उत्तरपद (सफिक्स) अशा वेगळ्या जागा आहेत. वर्डमध्ये नेहमीच्या पद्धतीने घातलेल्या भाष्यटीपेतही मध्येच झोटेरोचा संदर्भ बसवता येतो.

एवढे काम हातानेही करता येते, असे कोणी म्हणेल, आणि पहिल्या खर्ड्यापुरते ते खरेही आहे. झोटेरोची खरी किंमत पुनर्लेखनात कळते. मार्गदर्शकांनी सांगितले म्हणून दुसऱ्या प्रकरणातील एक परिच्छेद चौथ्या प्रकरणात हलवला, की त्याच्याबरोबर त्याच्या टीपाही हलतात. त्यांपैकी एखादी टीप नुसतीच ‘तत्रैव, पृ. ११२’ अशी असेल, तर नव्या जागी ती तिच्या आधीच्या, सर्वस्वी वेगळ्या ग्रंथाकडे बोट दाखवू लागते. जुन्या जागी जो संपूर्ण तपशील होता तो परिच्छेदाबरोबर निघून गेलेला असतो, आणि मागे राहिलेल्या ‘उ. नि.’ला (उपरिनिर्दिष्ट, म्हणजे वर सांगितलेला ग्रंथ) आता काही आधार उरत नाही. हाताने केलेल्या प्रबंधांत अशा निराधार टीपा मी वारंवार पाहतो. त्या लिहिणारा विद्यार्थी अप्रामाणिक नसतो. त्याने तो कागद खरोखरच पाहिलेला असतो. पण त्याच्या मागून त्या कागदापर्यंत जाऊ पाहणाऱ्या वाचकाला मात्र चुकीचा रस्ता दाखवला जातो, आणि ऐतिहासिक लेखनात तळटीपेचे जे पहिले काम, म्हणजे वाचकाला स्वतः साधनापर्यंत जाऊन पडताळा घेता यावा, तेच बुडते. झोटेरोत परिच्छेद हलवल्यावर ‘रिफ्रेश’ दाबले की कोणती टीप पूर्ण हवी, कोणती संक्षिप्त आणि कोणत्या ठिकाणी ‘तत्रैव’, हे सगळे नव्या क्रमानुसार पुन्हा लावले जाते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्यविरोधी विनियम लागू केल्यापासून विद्यार्थ्यांचे सारे लक्ष साम्याच्या टक्केवारीकडे लागले आहे. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला त्या विनियमांत दंड नाही, आणि योग्य श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर व संदर्भसूची या मोजणीतून वगळल्या जातात. पण त्या आकड्यावरून टीपेतला पृष्ठांक बरोबर आहे की नाही, हे कोणालाच कळत नाही. ते पाहण्याची जबाबदारी लेखकाची आणि मार्गदर्शकाची आहे, आणि झोटेरो ती आपल्यावरून उतरवत नाही. नोंदीत जे भरले असेल तेच ते मुकाट्याने प्रत्येक टीपेत छापते. नोंदीत सन चुकला तर साऱ्या प्रबंधात चुकतो. अर्थात नोंदीत एकदा दुरुस्त केला की साऱ्या प्रबंधात दुरुस्तही होतो.

तळटीप की अंत्यटीप, या जुन्या वादात मी निःशंकपणे तळटीपेच्या बाजूचा आहे. वाचताना डोळे खाली नेले की साधन दिसावे. बोट घालून पाने उलटावी लागली की बहुतेक वाचक तो नाद सोडतात आणि लेखकाच्या शब्दावर विसंबतात. तरीही मराठी प्रकाशक प्रकरणाच्या शेवटी टीपा मागतात, कारण प्रत्येक पानाच्या तळाशी वेगवेगळ्या लांबीचा मजकूर बसवणे मुद्रणजुळणीला त्रासाचे जाते. त्यांचीही बाजू समजण्यासारखी आहे. झोटेरोच्या ‘डॉक्युमेंट प्रेफरन्सेस’मध्ये तळटीप किंवा अंत्यटीप असा पर्याय आहे आणि तो बदलला की संदर्भटीपा एका ठिकाणाहून दुसरीकडे जातात. प्रबंध विद्यापीठाला तळटीपांसह द्यावा आणि पुस्तक करताना अंत्यटीपांकडे वळावे, हे यामुळे शक्य होते. एक सूचना मात्र द्यायला हवी: गूगल डॉक्समध्ये अंत्यटीपांची सोयच नाही, म्हणून ज्यांना पुढे पुस्तक करायचे आहे त्यांनी वर्ड किंवा लिब्रेऑफिसमध्येच लिहावे.

प्रकरणवार अंत्यटीपांच्या बाबतीत झोटेरोचा एक मोठा दोष आहे आणि तो मला अजून खटकतो. अंत्यटीपा प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी याव्यात आणि त्यांचे क्रमांक नव्याने सुरू व्हावेत, हे वर्डच्या विभागांची मांडणी करून साधते. पण झोटेरो संपूर्ण दस्तऐवज एकच मानते. त्याच्या दृष्टीने पहिल्या प्रकरणात येऊन गेलेला ग्रंथ तिसऱ्या प्रकरणातही ‘येऊन गेलेला’च असतो. त्यामुळे तिसऱ्या प्रकरणाच्या टीपांत संपूर्ण तपशील मिळत नाही, नुसते आडनाव आणि संक्षिप्त शीर्षक मिळते. दुसऱ्या प्रकरणाची शेवटची टीप आणि तिसऱ्याची पहिली टीप एकाच ग्रंथाची असेल, तर तिसरे प्रकरण चक्क ‘तत्रैव’ने सुरू होते! यावर मला सापडलेला खात्रीचा उपाय एकच आहे: प्रत्येक प्रकरण स्वतंत्र फाइलमध्ये लिहावे, त्याच्या टीपा त्या फाइलमध्येच पक्क्या कराव्यात (म्हणजे ‘अनलिंक सायटेशन्स’ दाबून साध्या मजकुरात आणाव्यात), आणि मगच सर्व प्रकरणे जोडावीत. असे केल्यावर सलग संदर्भसूची आपोआप होत नाही. तिच्यासाठी सर्व नोंदी एका गटात ठेवून त्या गटावरून सूची वेगळी काढावी लागते. इतिहासकारांच्या साधनात एवढ्या वर्षांत ही उणीव राहावी, याचे मला आश्चर्य वाटते.

आता मराठीच्या खास अडचणी. झोटेरोत तयार शैलींची संख्या दहा हजारांवर आहे, पण त्या बहुतेक सर्व पाश्चात्त्य नियतकालिकांसाठी केलेल्या आहेत. मराठी ग्रंथाची नोंद देवनागरीत करून शिकागो पद्धतीची (‘शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल’ या इंग्रजी लेखनमार्गदर्शकाची) शैली लावली, तर लेखकाचे नाव आणि शीर्षक देवनागरीत येते आणि संपादक, अनुवादक, खंड यांची संक्षिप्त रूपे रोमन लिपीतील इंग्रजीत येतात. ‘तत्रैव’च्या जागी लॅटिन शब्दाचे संक्षिप्त रूप (ibid.) येते, तेही त्या पद्धतीच्या २०१७ च्या सतराव्या आवृत्तीने नको म्हटल्यामुळे नेहमीच्या शैलीतून गेले आहे आणि त्यासाठी वेगळी शैली निवडावी लागते. शीर्षक तिरप्या अक्षरांत येते, आणि देवनागरीच्या बहुतेक टंकांना खरे तिरपे रूप नसल्याने संगणक सरळ अक्षरच वाकडे करून दाखवतो. ते वाचायलाही त्रासाचे आणि दिसायलाही ओबडधोबड. पृष्ठांकाआधी ‘पृ.’ नसतोच. हे सर्व पाहून विद्यार्थी निराश झाला तर त्याला दोष देता येणार नाही.

पण याच ठिकाणी थोडा वेळ खर्च केला की झोटेरो पूर्णपणे मराठी होऊ शकते. प्रत्येक शैली ही सीएसएल नावाच्या खुल्या पद्धतीने लिहिलेली एक साधी एक्सएमएल फाइल असते आणि ती पाहण्या-बदलण्यासाठी झोटेरोतच ‘स्टाइल एडिटर’ दिलेला आहे. लॅटिन शब्दासह येणारी शिकागो शैली घ्यावी, तिला नवे नाव आणि नवी ओळख द्यावी, आणि सुरुवातीच्या भागात भाषेच्या शब्दांचा एक छोटा तुकडा जोडावा. त्या तुकड्यात एका ओळीत एक शब्द अशी यादी असते: लागोपाठच्या उल्लेखासाठी ‘तत्रैव’, संपादकासाठी ‘संपा.’, अनुवादकासाठी ‘अनु.’, खंडासाठी ‘खंड’, पृष्ठासाठी ‘पृ.’, दोन लेखकांच्या मध्ये ‘आणि’, अनेक लेखक असल्यास ‘व इतर’. शैलीच्या पोटात जिथे शीर्षक तिरपे करण्याची आज्ञा आहे तिथे ती काढून एकेरी अवतरणचिन्हांची घालावी, आणि पृष्ठांक छापण्याच्या जागी त्याचे संक्षिप्त नाव आधी छापण्याची आज्ञा वाढवावी. संगणकाचे शिक्षण न घेतलेल्या माणसालाही शांतपणे बसून हे जमते. चूक झाली तर शैली चालत नाही, पण नोंदींना काही धक्का लागत नाही. विभागातील एकाने अशी फाइल तयार केली की ती सर्वांना देता येते. प्रत्येक मराठी विभागाने आणि इतिहास विभागाने हे काम एकदा करून ठेवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण आज प्रत्येक विद्यार्थी एकट्याने तेच झगडणे नव्याने करतो.

टंकाचा एक प्रश्न मात्र शैलीतून सुटत नाही. देवनागरीसाठी वर्ड वेगळ्या टंकाची नोंद ठेवते, म्हणून मजकूर एका टंकात आणि झोटेरोने घातलेली तळटीप दुसऱ्याच टंकात, असे पुष्कळदा दिसते. प्रत्येक टीप निवडून टंक बदलत बसू नये. वर्डमधील ‘फुटनोट टेक्स्ट’ या शैलीतच देवनागरीचा टंक आणि आकार ठरवून द्यावा, म्हणजे पुढच्या सर्व टीपा त्याप्रमाणे येतात.

आकड्यांचा आणि सनाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. पृष्ठांक आणि खंडांक देवनागरीत लिहिले तर ते जसेच्या तसे छापले जातात आणि काही बिघडत नाही. सनाच्या रकान्यात मात्र देवनागरी आकडे लिहिले तर झोटेरो त्यांना वर्ष म्हणून ओळखत नाही, आणि मग वर्षानुसार लावलेला क्रम बिघडतो. त्याहून मोठा धोका शकाचा आहे. जुन्या मराठी ग्रंथांच्या मुखपृष्ठावर बहुधा शालिवाहन शकच असतो. ‘शके’ हा शब्द लिहून पुढे इंग्रजी आकड्यांत 1820 असे भरले, तर झोटेरो त्या चार आकड्यांना इसवी सन समजते. १८९८ सालचा ग्रंथ अठ्ठ्याहत्तर वर्षांनी मागे जातो, आणि इतिहासाच्या प्रबंधात ही चूक क्षम्य नाही. म्हणून सनाच्या रकान्यात नेहमी इसवी सन इंग्रजी आकड्यांत भरावा, मूळ शक ‘एक्स्ट्रा’ या मोकळ्या रकान्यात लिहून ठेवावा, आणि टीपेत शक द्यायचाच असेल तर तो उत्तरपदाच्या जागी जोडावा. टीपांतील इंग्रजी आकड्यांतली वर्षे देवनागरीत करण्याचे काम अगदी शेवटी, टीपा पक्क्या केल्यावर, शोधा-आणि-बदला या सोयीने करावे. पुनर्मुद्रित आवृत्ती वापरली असेल, तर मूळ प्रकाशनाचे वर्षही याच ‘एक्स्ट्रा’ रकान्यात ठरावीक पद्धतीने नोंदवता येते, आणि ज्या शैलींत तशी सोय आहे त्या ते उचलून छापतात.

नावांच्या बाबतीत झोटेरो मराठीला चांगलेच मानवते. आडनाव आणि नाव हे वेगळे रकाने असल्यामुळे टीपेत ‘वि. का. राजवाडे’ आणि सूचीत ‘राजवाडे, वि. का.’ हे आपोआप होते. आडनाव नसलेल्या संतकवींसाठी दोन रकान्यांचा एक रकाना करणारे बटण आहे. ते दाबून ‘एकनाथ’ एवढेच लिहावे. शिस्त मात्र पाळावी लागते. एका नोंदीत ‘वि. का.’, दुसरीत ‘विश्वनाथ काशिनाथ’ आणि तिसरीत टिंबांनंतर जागा न सोडता ‘वि.का.’ असे भरले, तर झोटेरोच्या लेखी ती तीन वेगळी माणसे ठरतात. मग संक्षिप्त टीपेत नुसते ‘राजवाडे’ येण्याऐवजी, वाचकाचा घोटाळा होऊ नये म्हणून, प्रत्येक वेळी आद्याक्षरांसह नाव येऊ लागते, आणि ते का येते हे विद्यार्थ्याला उमगत नाही. आपल्याच टीपांत अचानक आद्याक्षरे दिसू लागली की नोंदींतील नावे तपासावीत.

बहुखंडी साधनांसाठी एक पद्धत सांगतो. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड आहेत. प्रत्येक खंडाची स्वतंत्र नोंद करावी आणि संक्षिप्त शीर्षकाच्या रकान्यात ‘साधने १’, ‘साधने ८’ असे लिहावे. हा रकाना रिकामा ठेवला तर प्रत्येक पुनरुल्लेखात लांबलचक शीर्षक येते, आणि सगळीकडे नुसते ‘साधने’ लिहिले तर कोणता खंड हे कळत नाही. पत्राचा निर्देश पृष्ठांकापेक्षा लेखांकाने, म्हणजे खंडात त्या पत्राला दिलेल्या अनुक्रमांकाने, करणे अधिक चांगले, कारण पुनर्मुद्रणात पाने बदलतात आणि लेखांक सहसा तोच राहतो. संदर्भस्थान निवडण्याच्या यादीत पृष्ठ, प्रकरण, स्तंभ, श्लोक असे अनेक प्रकार आहेत, लेखांक नाही. तो उत्तरपदात लिहावा लागतो. ओवीसाठी श्लोकाचा प्रकार चालतो. पुण्याच्या दप्तरखान्यातील मोडी कागदासाठी ‘हस्तलिखित’ किंवा ‘पत्र’ हा प्रकार निवडून दप्तरखान्याचे नाव एका रकान्यात आणि रुमाल (कागदांचे गाठोडे) व कागदाचा क्रमांक त्याच्या शेजारच्या रकान्यात भरावा. कागदाचे छायाचित्र आणि आपण केलेले देवनागरी लिप्यंतर त्याच नोंदीला जोडून ठेवावे. मला झोटेरोचा सर्वांत अधिक उपयोग इथे झाला आहे, कारण टीप, छायाचित्र आणि लिप्यंतर एकाच जागी असले की शंका आल्यावर मूळ वाचन लगेच पुन्हा पाहता येते.

नोंद आपोआप मिळवण्याची जी सोय झोटेरोची सर्वांत मोठी ख्याती आहे, ती मराठी ग्रंथांच्या बाबतीत फारशी कामाची नाही. आयएसबीएन क्रमांक दिला की जगातील मोठ्या ग्रंथालयांच्या सूचींमधून तपशील येतो. पण मराठी पुस्तकाचा तपशील बहुधा रोमन लिपीत, अक्षरांवर रेघा आणि खाली टिंबे देऊन लिप्यंतरित केलेला येतो. इंग्रजी लेखासाठी तो उत्तम आहे. फक्त अशा नोंदीत भाषेच्या रकान्यात मराठीचा संकेत भरावा, नाहीतर इंग्रजी शैली शीर्षकातील प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे करून टाकते. मराठी प्रबंधासाठी मात्र सर्व पुन्हा टंकित करावे लागते. इंटरनेट आर्काइव्हवर डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचे जे जुने ग्रंथ आहेत त्यांची स्थिती आणखी वाईट आहे: शीर्षकाच्या जागी २०१५ आणि त्यापुढे एक लांब क्रमांक, मग मोडकेतोडके लिप्यंतर, आणि लेखकाच्या नावात अशुद्धे. हा दोष झोटेरोचा नाही; तिथल्या सूचीत जे आहे तेच ते उचलते. तरी विद्यार्थ्याने बटण दाबून निश्चिंत होऊ नये. स्कॅनमधील मुखपृष्ठाचे पान उघडावे आणि लेखक, आवृत्ती, प्रकाशक, गाव, सन हे सर्व पानावर पाहून स्वतः भरावे.

२०२२ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून पीडीएफ वाचण्याची आणि त्यावर खुणा करण्याची सोय आतच मिळाली आहे. खूण केलेला मजकूर पृष्ठांकासह लेखात ओढता येतो आणि त्याची टीपही त्याबरोबर येते. स्कॅन केलेल्या देवनागरी पानांत मात्र निवडता येईल असा मजकूर नसतो, म्हणून ओळींवर रंग फिरवता येत नाही. पानावर चौकट आखून तेवढा भाग चित्र म्हणून घेता येतो. जुन्या ग्रंथांत प्रस्तावनेचे पृष्ठांक वेगळे असल्यामुळे स्कॅनचे पान आणि छापील पान जुळत नाही. झोटेरोत हा क्रमांक दुरुस्त करून पुढच्या पानांना लावता येतो, आणि ती दुरुस्ती खुणा करण्याआधी केली पाहिजे.

खर्चाचे थोडक्यात सांगायचे तर प्रोग्रॅम, नोंदींचे संकालन (सिंक) आणि सामायिक गट हे सर्व फुकट आहे. जोडलेल्या फाइलींसाठी ३०० एमबी जागा फुकट मिळते, आणि ती स्कॅन केलेल्या थोड्याशाच जाड ग्रंथांनी भरते. २ जीबी जागेला वर्षाला २० डॉलर पडतात. विद्यार्थ्याने पैसे भरू नयेत असे मी म्हणेन: फाइलींचे संकालन बंद ठेवावे आणि झोटेरोच्या फोल्डरची प्रत बाहेरच्या डिस्कवर नियमितपणे घ्यावी. एन्डनोट महाग आहे आणि मराठीसाठी त्यात काही विशेष सोय मला दिसली नाही. मेंडेली ही याच कामाची दुसरी प्रणाली २०१३ पासून एल्सेव्हिअर या प्रकाशनसंस्थेच्या मालकीची आहे, आणि २०१८ मध्ये तिने वापरकर्त्याच्याच संगणकावरील माहितीकोश सांकेतिक (एन्क्रिप्ट) करून टाकल्यापासून मी तिची शिफारस कोणालाही करत नाही. वर्डची स्वतःची संदर्भसोय मजकुरात कंसांतले संदर्भ देणाऱ्यांसाठी आहे, तळटीपांची पद्धत तिच्या आवाक्यातली नाही. ज्याला एकच निबंध लिहायचा आहे आणि त्यात मोजकेच संदर्भ आहेत, त्याने यांपैकी कशाच्याही मागे न लागता काळजीपूर्वक हातानेच टीपा लिहाव्यात.

संदर्भसूचीत एक गोष्ट झोटेरो करत नाही. आपल्याकडे सूची अप्रकाशित साधने, प्रकाशित साधने, मराठी ग्रंथ, इंग्रजी ग्रंथ, नियतकालिके अशा भागांत देतात. झोटेरो एकच सलग सूची देते. साधनांचे गट आधीच वेगळे करून प्रत्येक गटाची सूची स्वतंत्रपणे काढली तर हे साधते.

राहिली मुद्रणालयाची गोष्ट. एका लेखसंग्रहाच्या वेळी जुळणीकाराने माझा युनिकोड मजकूर जुन्या टंकपद्धतीत रूपांतरित केला आणि त्यात टीपांचे सर्व क्रमांक मजकुराशी असलेला दुवा तुटून साधे आकडे होऊन बसले. पुढे मुद्रितावर (प्रूफावर) एकेक क्रमांक पुन्हा जुळवावा लागला. यात झोटेरोचा दोष नव्हता, पण झोटेरोने लिहिणाऱ्याला हा प्रसंग हमखास येऊ शकतो. म्हणून हस्तलिखित देण्यापूर्वी फाइलची प्रत करावी, प्रतीत ‘अनलिंक सायटेशन्स’ दाबून टीपा साध्या मजकुरात आणाव्यात, तिची पीडीएफ काढून सोबत द्यावी, आणि पहिले मुद्रित आले की इतर काही वाचण्याआधी टीपांचे क्रमांक त्या पीडीएफशी ताडून पाहावेत. झोटेरोशी जोडलेली मूळ फाइल मात्र कोणालाही न देता आपल्याजवळ ठेवावी. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी तीच लागते.